न केल्याचा दोष : ट्रॅक्टरच्या मागच्या वजनाविषयी

विहित कर्म न करणे हे अनिष्टाचे कारण होऊ शकते का, हा प्रश्न भारतीय दर्शनांत नित्यकर्माच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा चर्चिला गेला. संध्यावंदनासारख्या कर्माला स्वतंत्र फळ नाही, पण ते टाळल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, या मताला शंकराचार्यांनी गीताभाष्यात आणि तैत्तिरीयभाष्यात हरकत घेतली, ती अशी की न करणे हा केवळ अभाव आहे आणि अभावातून भावरूप काही निपजत नाही. पुढे लोडर बसवलेल्या ट्रॅक्टरच्या मागे शेतकरी जे घरी केलेले वजन टांगतात, त्याचा विचार करू लागले की हाच वाद समोर येतो. कारण ते वजन हलत नाही, काही उचलत नाही, आणि ते नसले तर मात्र यंत्र उलटू शकते.

लोडरची बकेट पुढच्या आसाच्याही पुढे असल्याने तो आस टेकू बनतो आणि बकेट भरली की मागची चाके हलकी होतात. दोन आसांत 2 मीटर अंतर असलेल्या ट्रॅक्टरने पुढच्या आसापुढे 1.5 मीटरवर 500 किलो माती उचलली, असे धरले, तर मागच्या चाकांवरचा 375 किलो भार कमी होतो आणि पुढच्या आसावर 875 किलो वाढतो. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असल्यामुळे उतारावर हे घातक ठरते. शिवाय पुढचा आस मध्यावरच्या एका पिनेवर डोलता असतो, त्यामुळे मागचे चाक उचलले गेले की ट्रॅक्टरला आडवे सावरणारे काही उरत नाही. यावरचा शेतातला उपाय म्हणजे 200 लिटरचे लोखंडी पिंप. त्यात आरपार दांडी आणि सळ्या बसवून काँक्रीट ओतले की घनमीटरला सुमारे 2400 किलो या हिशेबाने जवळपास 480 किलोचा ठोकळा होतो, आणि हॅरी फर्ग्युसन यांच्या ज्या तीन टोकांच्या जोडणीचा 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे मोठा प्रसार झाला, तिच्यावर तो टांगता येतो. मागच्या आसामागे 1 मीटरवर टांगलेला हा ठोकळा मागच्या चाकांवर 720 किलो भार देतो आणि पुढच्या आसावरचा 240 किलो उतरवतो.

वैशेषिक दर्शनात गुरुत्व, म्हणजे जडपणा, हा पृथ्वी आणि जल यांचा गुण मानला असून प्रशस्तपादांच्या मते तो इंद्रियांना दिसत नाही, पडण्याच्या क्रियेवरून त्याचे अनुमान होते. मागच्या वजनाची स्थिती याहूनही अवघड आहे, कारण त्याचे कार्य एक न घडलेली घटना हेच असल्याने अनुमानाला पडण्याचाही आधार मिळत नाही. बैलगाडी उलार होऊ नये म्हणून भार मागेपुढे करणाऱ्या गाडीवानाला मात्र हे न घडणे नेमके कळते.

उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत प्रतिबंधकाचा, म्हणजे कार्य अडवणाऱ्या वस्तूचा, अभाव हाही कारणसामग्रीतच गणला. या प्रसंगात त्यांचे म्हणणे अधिक पटते. यंत्र बकेटमधल्या मातीच्या गुरुत्वाने उलटते हे खरे, पण प्रतिबंधक असता तर उलटले नसते हेही तितकेच खरे. आणि हा अभाव पोकळ नाही, त्याला ठरलेला प्रतियोगी, म्हणजे ज्याचा तो अभाव आहे ती वस्तू, आहे. टायरमध्ये पाणी भरले तर मागची चाके जड होतात, पण ते वजन आसावरच पडत असल्याने पुढच्या आसाचा भार हलका होत नाही. म्हणजे उणीव केवळ किलोंची नसून विशिष्ट अंतरावरच्या किलोंची आहे, आणि जिचे मोजमाप होते त्या उणिवेला कारणांच्या यादीतून वगळणे कठीण आहे. शंकराचार्यांचा आक्षेप वैदिक कर्माच्या मर्यादेत बलवान आहे, त्याचे खंडन इथे होत नाही. पण यंत्र चालवणाऱ्याला त्याचा आश्रय घेता येणार नाही.

म्हणून घरी वजन करणाऱ्याने आधी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मागच्या वजनाचा आकडा आणि हायड्रॉलिकची उचलक्षमता पाहावी, खालच्या पिनांचा व्यास जोडणीच्या पहिल्या वर्गासाठी 22 आणि दुसऱ्यासाठी 28 मिलिमीटर ठेवावा, आणि काँक्रीट 28 दिवस मुरल्याशिवाय ते टांगू नये.