बिनव्याजी पैशाची मुदत

नागपूर

चि. भाचीबाई,


तुझा मेसेज वाचला. पर्सनल लोनचे लाखभर रुपये अजून फेडायचे आहेत, व्याज चोवीस टक्के, आणि क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन येतोय की दोन महिने शून्य टक्क्यानं एक लाख घ्या. ते घेऊन लोन मिटवून टाकू का, असं विचारतेस. विचार वाईट नाही. महाग कर्ज स्वस्त कर्जानं फेडणं यात शहाणपणच आहे. फक्त नवं कर्ज खरोखर स्वस्त आहे का, हे फोनवर कळत नाही. कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

आधी त्या शून्याचं बघू. संविधान चौकातली रिझर्व्ह बँकेची इमारत तू येता-जाता बघतेस. त्या बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. कार्डाच्या हप्ता योजनांमध्ये व्याज बऱ्याचदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकाकडून घेतलं जातं. म्हणून टक्का विचारू नकोस. एकूण किती रुपये जातील ते विचार.

तुझ्या लाखाचं गणित मांडू. चोवीस टक्क्यांनी महिन्याचं व्याज साधारण दोन हजार, म्हणजे दोन महिन्यांचं चार हजार. ते वाचवायला काय जाईल? कार्डाचं प्रक्रिया शुल्क दोन टक्के धरलं, तर त्यावरच्या 18 टक्के जीएसटीसह 2,360 रुपये. पर्सनल लोन सहसा स्थिर दराचं असतं आणि ते मुदतीआधी मिटवलं तर बँक शुल्क लावू शकते. ते चार टक्के धरलं, तर जीएसटीसह 4,720. बेरीज 7,080. चार हजार वाचवायला सात हजार! तुझ्या कराराचे आकडे वेगळे असतील, तेव्हा या जागी ते घालून बघ. 1 ऑक्टोबर 2024 नंतर कर्ज घेतलं असशील तर बँकेनं दिलेल्या मुख्य तथ्य विवरणपत्रात सगळे आकार आणि वर्षाचा खरा दर एकत्र लिहिलेला असेल. तो कागद शोधून काढ.

याहून मोठा प्रश्न तिसऱ्या महिन्याचा आहे. दोन महिन्यांत वीस हजार भरलेस आणि ऐंशी हजार राहिले, तर त्यावर कार्डाचं नेहमीचं व्याज सुरू होईल. ते महिना साडेतीन टक्के धरलं तर 2,800 रुपये, वर जीएसटीचे 504. म्हणजे महिन्याला 3,304. तेच ऐंशी हजार जुन्या लोनवर असते तर व्याज सोळाशे झालं असतं. कार्डाचं व्याज वर्षाला 30 टक्क्यांच्या वर नको, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये म्हटलं होतं; सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे त्या निकालाच्या भरवशावर राहू नकोस. शिवाय कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. बिलावरची 'किमान देय रक्कम' भरली की दंड चुकतो, व्याज चुकत नाही.

मग ही सोय कुणाच्याच कामाची नाही का? आहे. एखाद्याचं दुसऱ्या कार्डावर लाखाचं बिल थकलं असेल, तर त्याला त्याच साडेतीन टक्क्यांनी, जीएसटीसह, महिन्याला 4,130 रुपये पडतात. दोन महिन्यांत 8,260. त्यानं 2,360 देऊन ती बाकी शून्य टक्क्याच्या कार्डावर नेली, तर 5,900 रुपये सरळ वाचतात. पण एक अट आहे: शेवटच्या तारखेआधी लाख रुपये हातात येणार हे पक्कं हवं. मुदत ठेव पिकतेय, बोनसचं पत्र हातात आहे, असं काहीतरी. 'होईल काहीतरी सोय' ही सोय नव्हे. आणि जुनं कार्ड मोकळं झालं की ते बंद करायचं, नाहीतर दोन्ही कार्डं भरतात. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. त्यापुढे दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला मिळतो.

आणखी एक रस्ता तुला कुणीतरी सुचवेल: ओळखीच्या दुकानात कार्ड स्वाइप कर, दुकानदार शेकड्याला दोन-अडीच रुपये कापून रोकड देईल. तिकडे फिरकू नकोस. ती खोटी खरेदी आहे. वर दर महिन्याला तसंच फिरवत राहिलीस तर महिना अडीच टक्के म्हणजे वर्षाला तीस. तुझं लोन चोवीसचंच आहे. एटीएममधून कार्डावर पैसे काढलेस तर बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. शुल्कही लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

तुझ्यासाठी बरे मार्ग आहेत. आईनं दिलेलं सोनं कपाटात आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारणाचा दर विचार. ऑफिसात पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथे विचार. पीपीएफ खात्याचं तिसरं ते सहावं आर्थिक वर्ष चालू असेल, तर त्यावर कमी व्याजानं कर्ज मिळतं. रक्कम मोठी नसते, पण तेवढा भार हलका होतो.

हे पत्र मैत्रिणींनाही दाखव. कुणी खासगीत महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलले असतील, तर तिला कार्ड शोधायच्या आधी कायदा सांग. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही बिगरशेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 15 आणि तारण नसेल तर 18 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

तेव्हा माझं उत्तर असं: दोन महिन्यांच्या पैशानं लांब मुदतीचं कर्ज फिटत नाही, ते फक्त जागा बदलतं. फेडीचे पैसे कुठून आणि कोणत्या तारखेला येणार हे आज लिहून दाखवता येत असेल, आणि सगळे आकार धरून रुपये वाचत असतील, तरच हो म्हण. तुझ्या बाबतीत मला दोन्ही गोष्टी दिसत नाहीत. कार्डवाल्यांना नाही सांग, आणि या आठवड्यात सोनेतारणाची चौकशी कर.

तुझा,
मामा