टीपॉयची खालची बाजू

मागल्या वर्षी दसरा झाल्यावर मी लालबागमधून एक जुना टीपॉय तीनशे रुपयांना विकत घेतला. त्या तीनशे रुपयांनी मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा दुसऱ्या कोणत्याही खरेदीने लावला नसेल. सोने घेताना माणूस वजन पाहतो, पावती घेतो आणि मोकळा होतो. जुन्या लाकडाचे तसे नाही.

टीपॉय हा शब्दही, म्हटले तर, जुन्या बाजारातलाच. तीन पायांची ती तिपाई. साहेबाने ती इथे पाहिली, शब्दासकट उचलली, पुढे त्यातल्या ‘टी’ला आपला चहा समजून बसला, आणि शब्द चहाचे मेज होऊन आपल्याकडे परत आला. आता चार पाय असले तरी आपण बिनदिक्कत टीपॉय म्हणतो. शब्दाने इतका फेरफटका करून यावे आणि कोणी त्याला ‘तू मूळचा कोण’ असे विचारू नये, हे मला आवडते. वस्तूला मात्र मी ते विचारले, आणि तिथेच फसलो.

लालबाग-परळमधल्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. चाळ रिकामी करायचा दिवस ठरला की गॅलरीत संसार मांडला जातो. पाटा, लोखंडी खाट, पत्र्याची ट्रंक, गणपतीच्या आराशीच्या पुठ्ठ्यांचा भारा. खाली भंगारवाला हातगाडी लावून, वर बघत उभा असतो. मी गेलो होतो एका ओळखीच्या माणसाला सामान हलवायला मदत करायला. शेजारच्या खोलीबाहेर चॉकलेटी ऑइलपेंट फासलेला एक टीपॉय दिसला. वर टीव्हीच्या चार पायांचे चार ठसे, कडेला इस्त्रीचा डाग. शेजारी मोड्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते.

“काका, हा द्यायचाय?”

“चारशे.”

“तीनशे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “मोडून लाकूड नाही ना विकणार?”

“नाही हो. लिहायला पाहिजे. खाली बसून लिहायची सवय आहे मला.”

“मास्तर दिसता. न्या.”

एवढाच आमचा व्यवहार. मी तो टॅक्सीच्या टपावर बांधून गिरगावात आणला.

दहा बाय बाराच्या खोलीत टीपॉय कशाला, असे आजच्या मुलांना वाटेल. पण चाळीतला टीपॉय चहासाठी कधी नव्हताच. त्यावर टीव्ही बसे, टीव्ही सरकवून इस्त्री होई, परीक्षेच्या दिवसांत मुलाचा अभ्यास होई, आणि भाद्रपदात धुऊनपुसून, वर पांढरे कापड घालून तोच गणपतीचा चौरंग होई. एका वस्तूला एकच काम देणे ही मोठ्या घरांची चैन आहे. जुन्या वस्तूला नवे काम देण्याचे हल्ली कौतुक होते, मासिकांतून त्याची चित्रे येतात. आमच्या आयांनी ते आयुष्यभर केले, आणि त्याला काही नाव असते हे त्यांना ठाऊकही नव्हते.

रंग काढायला मी ऑक्टोबरचे ऊन निवडले. पावसाळ्यात मुंबईत लाखेचे पॉलिश करू नये. हवेतली ओल धरून ते पांढुरके पडते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते, म्हणून कोरडा न खरवडता ओला करून, नाकाला फडके बांधून काढावा, असे मला एका सुताराने बजावले होते. प्रथम पत्र्याच्या पट्टीने थर सोलले. मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडले. जुने सुतार अजून तसेच करतात, आणि काचेची ताजी धार रंध्यापेक्षा हलक्या हाताने चालते. मग ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस. दुसऱ्या दिवशी दुपारी चॉकलेटी चिखलातून मधासारखा रंग वर आला आणि एक वास आला. चामड्याचा आणि जुन्या तुपाचा मिळून असावा तसा. ज्याने एकदा तो घेतला आहे त्याला सांगावे लागत नाही. साग! पृष्ठभागावर जागोजागी बारीक गोल भोके होती, आणि ती तशाच लाकडाच्या खुंट्यांनी इतकी सफाईने बुजवलेली की बोटाला कळू नयेत.

सुतार पाय कापायला आला तेव्हा त्याने त्यावर नुसता हात फिरवला. “वासा आहे हा. मोडलेल्या इमारतीचा. ही खिळ्यांची भोकं. मास्तर, बर्मा साग! नुसत्या लाकडाचे चार-पाच हजार कोणी देईल.” मुंबईतला सुतार प्रत्येक जुन्या सागाला बर्मा सागच म्हणतो, ते सोडून द्या. पण जुन्या मुंबईच्या इमारतींत ब्रह्मदेशाचे सागवान खूप वापरले गेले, हे खरे आहे. त्याने पाय चार बोटे कापले, माझे बैठे डेस्क झाले, आणि ते चार तुकडे आमच्या डुगडुगणाऱ्या कपाटाखाली गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी नेमके काय विकत घेतले होते? लाकूड, की टीपॉय? काकांनी विकला तो चॉकलेटी रंगाचा टीपॉय. माझ्याकडे आहे ते सागवान. आणि चारशेचे तीनशे केले ते मी.

बायकोपुढे हा प्रश्न ठेवला. ती म्हणाली, “अहो, उद्या तो आतून पोखरलेला निघाला असता, तर गेला असतात का शंभर रुपये परत मागायला? नसता गेलात. मग आता कशाला?” या युक्तिवादात मला अजून खोट सापडलेली नाही. नुकसान माझे असते, तर फायदाही माझा. शिवाय घाम माझा, काच माझी, दोन दिवस माझे. व्यवहार इथे संपतो. तरीही झोप येईना, म्हणजे प्रश्न व्यवहाराचा नव्हता.

जातककथांत सेरिव राज्यातल्या वाण्याची एक गोष्ट आहे. दोन फेरीवाले. एका दरिद्री आजीकडे आणि तिच्या नातीकडे काजळी धरलेले एक भांडे असते. पहिला वाणी भांडे उलटे करून पाठीवर सुईने रेघ ओढतो, सोने ओळखतो, आणि ‘याची अर्धा मासाही किंमत नाही’ म्हणून भांडे फेकून निघून जातो, मागाहून फुकटात लाटावे म्हणून. दुसरा वाणी, म्हणजे बोधिसत्त्व, सांगतो, ‘आजी, हे सोन्याचे आहे, लाख मोलाचे आहे, माझ्याजवळ तेवढे पैसे नाहीत.’ आणि जवळची पाचशे नाणी व पाचशेचा माल देऊन, तराजू, पिशवी आणि आठ नाणी तेवढी ठेवून घेऊन, भांडे नेतो.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मी सज्जनाच्या बाजूचा होतो. आता हिशेब केला आणि चपापलो. लाखाच्या वस्तूला सज्जनानेही हजारच दिले की! मग त्याचे सज्जनपण कशात? त्याने सांगितले, यात. त्या दोघींना आपल्या घरात काय आहे ते कळले, आणि मग त्यांनी आपखुशीने दिले. किंमत अपुरी राहिली तरी चालले. अज्ञान राहिले असते तर चालले नसते.

रोमन लोकांत स्काएव्होला नावाचा एक गृहस्थ याच्याही पुढे गेला. विकणाऱ्याने जमिनीचा दर सांगितला; हा म्हणाला, माझ्या मते जमीन जास्तीची आहे, आणि एक लाख सेस्टर्स वर देऊन मोकळा झाला. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ही हकिगत लिहिली. तो म्हणतो, हा माणूस सज्जन होता हे कोणी नाकारीत नाही, पण शहाणा होता असे काही लोक मानीत नाहीत. माझ्या बायकोने सिसेरो वाचलेला नाही.

आणि सागाची गोष्ट निघाली की कोकणातल्या माणसाला रत्नागिरीचा थिबा पॅलेस आठवल्यावाचून राहत नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली कंपनी. तिने तोडलेल्या सागाचे ओंडके कमी दाखवले आणि राजाला पैसे कमी दिले, असा १८८५ मध्ये थिबा राजाच्या दरबाराचा आरोप होता. दरबाराने जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. त्याच वर्षी युद्ध झाले, मंडाले पडले, आणि राजा रत्नागिरीत नजरकैदेत येऊन १९१६ मध्ये तिथेच वारला. म्हणजे लाकडाची खरी किंमत लपवली की नाही, या भांडणात एक राज्य गेले. माझा वासा त्या जंगलातला असेल किंवा नसेलही. पण माझ्या तीनशे रुपयांच्या मागे इतकी मोठी रांग उभी आहे, हे पाहून मला थोडे हलके वाटले आणि थोडी लाजही वाटली.

दिवाळीला चार दिवस असताना मी दोन हजार रुपये खिशात घालून निघालो. काका आता काळाचौकीला भाड्याच्या खोलीत राहत होते.

“काका, तो टीपॉय सागाचा निघाला.”

“मग? मला नाही ठाऊक?” ते हसले. मग हसू थांबवून म्हणाले, “रंग सगळा काढलात?”

“वरचा सगळा. खालच्या बाजूला आहे अजून. तिथे कोण बघतंय म्हणून राहिला.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते असे. १९७६ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा गिरणीच्या सुतारखात्यातल्या एका मित्राने परळच्या एका पाडलेल्या इमारतीचा वासा घेऊन हा टीपॉय करून दिला. ती भोके त्यानेच बुजवली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा तो संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. पावसाळ्यापर्यंत काकांच्या घरातला तांब्याचा बंब गेला, पितळी कळशी गेली, भिंतीवरचे घड्याळ गेले. घेणारे चाळीत फिरत, दारातून आत डोकावत. त्यांची नजर टीपॉयवर पडू लागली.

“एका दुपारी बायको बाहेर गेली होती. शेजाऱ्याकडे दरवाजाचा रंग उरलेला. तो मागून आणला आणि फासला. तिला सांगितलं, वाळवी लागली होती. सागाचा आहे हे दिसत राहिलं असतं, तर विकावाच लागला असता. धाकटी आजारी होती तेव्हा. औषधाला पैसे नव्हते, आणि मी रंग लावत बसलो होतो. चांगलं केलं की वाईट, अजून ठाऊक नाही. धाकटी वाचली, म्हणून बोलतोय.”

मी विचारले, “मग मला तीनशेला का दिलात?”

“भंगारवाला दीडशे म्हणत होता. आणि साग आहे म्हणून सांगितलं असतं, तर तुमच्या खिशात होतं का तेवढं?”

मी दोन हजार पुढे केले. मला वाटले, नको म्हणतील, आणि तसे म्हणाले तर काय बोलायचे हेही मी ठरवून गेलो होतो. त्यांनी घेतले. मोजून घेतले. “तुम्ही आपणहून आणलेत, मी कशाला नाही म्हणू?” म्हणाले, आणि शंभराची एक नोट परत माझ्या हातात ठेवली. “टॅक्सीला.”

परतताना मी चालत निघालो. वरचा रंग म्हणजे खोटेपणा आणि खालचे लाकूड म्हणजे खरे, हे मी पक्के धरून चाललो होतो. शिकलेल्या माणसाला ही सवयच असते. पुस्तकातही तो असेच काहीतरी खरवडत असतो. इथे लाकूड बाजारात पैसे टाकून मिळण्यासारखे होते. न मिळण्यासारखा होता तो फासलेला रंगच. तो मी दोन दिवस कष्ट करून काढला आणि पाण्यात मिसळून मोरीत सोडला. मला कोणी अडवले नाही, आणि तो माझाच टीपॉय होता. विकत घेतलेल्या वस्तूचे मालक आपण होतो. तिच्यावर जे घडले त्याचे होतो की नाही? लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात आजही उभी आहे. तिच्या खाली उभे राहिल्यावर मला पूर्वी राग येई, की हिला नुसते शोभेला ठेवले. आता वाटते, निदान कोणी घासून तरी काढली नाही. आणि लगेच वाटते, घासली नसेल कशावरून?

काकांचे मला पटले का? आजारी मुलगी आणि विकता येण्याजोगे सागवान एकाच खोलीत असताना माणसाने ते लपवावे का? मी त्यांच्या जागी असतो तर विकले असते, असे मला वाटते. पण माझ्या घरातून एकामागून एक वस्तू गेलेल्या नाहीत, म्हणून माझ्या वाटण्याला फारशी किंमत नाही. शेवटची चांगली वस्तू गेल्यावर घरात काय राहते, ते तेच जाणत होते.

निघताना मी काकूंबद्दल विचारले होते. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. “तिला शेवटपर्यंत कळलंच नाही म्हणायचं,” मी म्हणालो.

“छे! कळलं होतं. खालच्या अंगाला नखाने कोरून बघितलं असणार तिने एकदा. बाईमाणूस, रोज पुसायची ती. पण बोलली नाही कधी.”

घरी आल्यावर मी वह्या उचलून टीपॉय उलटा केला. पॉलिशचा वास अजून जात नव्हता. बॅटरी लावून खालची बाजू पाहिली. आडव्या पट्टीच्या जवळ, आत कोपऱ्यात, चॉकलेटी रंगात बोटाच्या पेराएवढी एक रेघ आहे, थेट लाकडापर्यंत गेलेली. ती नखाची आहे, की टॅक्सीवर चढवताना दोरीच्या गाठीने पडलेली, ते मला सांगता येत नाही.