चुकलेला धागा

माऊली, नाथांच्या पैठणातल्या पैठणीचा पदर कधी उलटून पाहिलात? नक्षी दोन्हीकडे सारखीच. मागावर शिकणारा आधी ताणा सांभाळायला शिकतो, मग तुटला धागा सांधायला, मग साधे अंग विणायला. मोर फार उशिरा. (आपल्याला मात्र मोर पहिल्याच दिवशी हवा!)

मग एके दिवशी, बोटभर विणून झाल्यावर, मागे चुकलेला धागा दिसतो. गिऱ्हाइकाला कळणार नाही. उसवायचे का? मजुरी साडीवर ठरलेली असेल, तर उसवण्याचे तास बुडीत. पोटाचा प्रश्न काही खोटा नाही. तरी मला वाटते, उसवावे. गळ्यात माळ घालून मापात पाप करणारे आपण पाहतोच. पदराला मात्र लपवायला मागची बाजू नसते.

आणि ती बुडालेली मजुरी? ती नेसणाऱ्याने भरावी. घासाघीस करण्याआधी पदर एकदा उलटून पाहा.