मुवत्ता आणि खलिफांचा प्रस्ताव

मनाला पटलेले सत्य सर्वांवर लागू करण्याचे सामर्थ्य अनायासे हाती आले, तर ते नाकारावे काय? केवळ तर्काचा वाटणारा हा प्रश्न इमाम मालिक बिन अनस (रह.) यांच्यापुढे प्रत्यक्षात उभा राहिला होता.

इमाम साहेबांचा जन्म हिजरी ९३ च्या सुमारास मदिनेत झाला आणि हिजरी १७९ मध्ये (इ. स. ७९५) तेथेच त्यांचे निधन झाले. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचे मुक्त गुलाम नाफे, तसेच इब्न शिहाब जुहरी हे त्यांचे उस्ताद. प्रेषितांच्या (स.) हदीसी, सहाबांचे निर्णय आणि मदिनावासीयांचा परंपरेने चालत आलेला अमल यांतून त्यांनी ‘मुवत्ता’ सिद्ध केला.

खलिफांनी त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला की, या ग्रंथाच्या प्रती प्रांतोप्रांती पाठवाव्यात आणि सर्वांनी त्यानुसारच वागावे. हा प्रस्ताव मांडणारे म्हणून काही कथनांत मन्सूर यांचे, तर काहींत हारून रशीद यांचे नाव येते. इमाम साहेबांचे उत्तर मात्र सर्वत्र एकच आहे, ते म्हणजे नकार. सहाबा दूरदूरच्या प्रदेशांत विखुरले, त्यांच्याकडून तेथील लोकांपर्यंत ज्ञान पोहोचले आणि त्यावर त्यांचे आचरण स्थिरावले. आता त्यांना त्यापासून ओढून काढणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

खलिफांची कल्पना निव्वळ सत्तेच्या मदाची होती, असे समजणे अन्यायाचे होईल. त्याच काळात इब्नुल मुकफ्फा या लेखकाने मन्सूर यांना लिहिले होते की, एकाच बाबीत एका शहरात एक आणि शेजारच्या शहरात दुसराच न्याय मिळतो. रक्ताच्या व अब्रूच्या प्रकरणांतही हेच घडते. न्याय मागणाऱ्या सामान्य माणसाला ही विसंगती जाचतच असणार. इमाम साहेबांच्या नकाराची किंमत अशी होती आणि ती इतरांनाही मोजावी लागणार होती.

या नकाराला आपण नम्रता म्हणून मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. स्वतःच्या मताविषयी इमाम साहेब मुळीच डळमळीत नव्हते. इजिप्तचे थोर विद्वान लैस बिन साद (रह.) मदिनेच्या अमलाविरुद्ध फतवे देतात, हे कळताच त्यांनी त्यांना पत्र लिहून जाब विचारला. लैस यांनी अत्यंत आदराने, पण मुद्देसूद उत्तर पाठवून आपला मतभेद कायम ठेवला. दोघांची मैत्री तुटली नाही. म्हणजे समोरच्याला पटवून देण्यात त्यांना संकोच नव्हता. संकोच होता तो सत्तेच्या जोरावर मान्य करवून घेण्यात.

याचे मूळ त्यांच्या एका जुन्या जखमेतही शोधता येईल. जबरदस्तीने वदवून घेतलेला तलाक लागू होत नाही, असे ते सांगत. हिजरी १४५ मध्ये मदिनेत मन्सूर यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा लोकांनी याच तत्त्वावरून अर्थ काढला की दडपणाखाली केलेली बैअतही बंधनकारक नाही. पुढे मदिनेच्या राज्यपालाने इमाम साहेबांना फटके मारविले. हात इतका ओढला की खांदा निखळला. त्यांनी आपले मत मागे घेतले नाही. जबरदस्तीने घेतलेल्या शब्दाला मोल नाही, हे ज्याने अंगावर वळ उमटवून घेत सांगितले, त्याने स्वतःच्या ग्रंथासाठी तीच जबरदस्ती कशी स्वीकारावी?

इमाम शाफई (रह.) यांनी तरुणपणी मदिनेत येऊन इमाम मालिक यांच्यासमोर मुवत्ताचे वाचन केले. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य मुहम्मद बिन हसन शैबानी यांनीही त्यांच्याकडून तो ऐकला, त्यांची रिवायत आजही आपल्याकडील मदरशांत शिकवली जाते. अनेक मसल्यांत दोघांचेही मत उस्तादांहून वेगळे झाले. कोकणातील मुस्लिम कुटुंबे बहुतांशी शाफई, घाटावरची बहुतांशी हनफी. कोकणातली लेक घाटावर नांदायला येते, तेव्हा असरची वेळ तिच्या हिशेबाने लवकर होते आणि सासरच्यांच्या हिशेबाने उशिरा. तिने आधीच मुसल्ला अंथरलेला पाहून सासूबाई क्षणभर थबकतात, मग दार हलकेच ओढून घेतात.