मागणीनुसार काढलेला नकाशा कितपत खरा?

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत भूरूपाचे आणि भूशास्त्रीय नकाशे आता मागणीनुसार काढून दिले जातात. मागणारे निरनिराळे असतात: विहिरीची जागा हवी असलेला शेतकरी, पाझर तलावाचा प्रस्ताव करणारी ग्रामपंचायत, खडीसाठी दगड शोधणारा ठेकेदार, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या उभारणारी कंपनी. पाया बहुधा सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 प्रमाणाच्या टोपोशीटचा असतो. त्यावर उपग्रहचित्रे, गटांच्या हद्दी आणि पायी फिरून घेतलेल्या खडकांच्या नोंदी चढतात. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांसाठी नकाशे करण्यावरची पूर्वपरवानगीची अट काढली आणि हा व्यवसाय मोकळा झाला. पैसे देणाऱ्याच्या गरजेतून निघालेल्या अशा नकाशाला ज्ञान म्हणावे की एका पक्षाचे मत, हा प्रश्न प्रमाणशास्त्राचा आहे आणि भारतीय दर्शनांनी त्याची साधने फार पूर्वी घडवून ठेवली आहेत.

न्यायदर्शनाच्या भाषेत पाहिले, तर भूशास्त्रीय नकाशाच्या एकाच कागदावर तीन प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, नांदतात. नाल्याच्या काठाला उघडा पडलेला खडक हातोडीने फोडून पाहिला, ते प्रत्यक्ष. तोच थर शेताखालून पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला असावा असे मानून रेषा ओढली, ते अनुमान. ज्याने यातले काहीच पाहिलेले नाही असा ग्राहक त्या कागदावर भरवसा ठेवतो, ते शब्दप्रमाण. भूशास्त्रज्ञांची जुनी रीत यातला पहिला भेद रेषेतच दाखवते. पाहिलेली सीमा सलग रेषेने, अनुमानाची तुटक रेषेने आणि मातीखाली दडलेली ठिपक्यांनी काढतात. ज्ञानाची प्रतवारी इतक्या कमी शाईत मांडणे एखाद्या भाष्यकारालाही जमले नसते.

घोटाळा याच रेषांमध्ये होतो. ग्राहकाला तुटक रेषा आवडत नाही. त्याला बोअरची जागा हवी असते, शक्यता नको असते. कच्च्या प्रतीत तुटक असलेली रेषा रंगीत छापील प्रतीत सलग झाली, की अनुमान प्रत्यक्ष म्हणून खपू लागते. एकही खोटी नोंद न घालता नकाशा असत्य होतो.

खानदेशात हा दोष विशेष महाग पडतो, कारण इथला खडकच तसा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून दख्खनचा बेसाल्ट बनला. त्या थरांना चिरत वर आलेला शिलारस भेगांमध्ये थिजला आणि उभ्या भिंती तयार झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. धुळे आणि नंदुरबारच्या पट्ट्यात असे शेकडो डाइक आहेत. बहुतेक साधारणपणे पूर्व-पश्चिम धावतात आणि काही कित्येक किलोमीटर सलग जातात. डाइक दिसला की पाणी लागणार, असे अनुमान सहज केले जाते. प्रत्यक्षात डाइक सांध्यांनी तडकलेला असेल तर तो स्वतःच पाणी धरतो. तो घट्ट असेल तर भूजलाच्या वाटेत आडवा येतो, चढाच्या बाजूला पाणी तुंबवतो आणि उताराच्या बाजूची विहीर कोरडी ठेवतो. नकाशावर दोन्हींची रेषा एकच.

नैयायिकांनी धूर आणि अग्नीच्या उदाहरणात नेमका हाच दोष दाखवला आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान टिकते. उलट अनुमान टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायला ओले सरपण लागते, आणि या गुपचूप गृहीत धरलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. डाइक आणि पाणी यांच्यामधली उपाधी म्हणजे भेगा. त्या जागेवर जाऊन तपासल्या नाहीत, विद्युत रोधकतेची चाचणी घेतली नाही, तर रेषा कितीही सुबक असली तरी अनुमान सदोषच राहते.

मोजमापाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. 1:50,000 च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर 25 मीटर होते. पुष्कळ डाइक त्याहून अरुंद असतात, म्हणजे चित्र वस्तूपेक्षा रुंद झाले. त्यावरून साडेसहा इंची बोअरची खूण करणे धाडसाचेच. मर्यादा सांगून बोलण्याचा धडा मात्र याच भागात मिळतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते याचा उलगडा केला: परिघाचा शंभरावा भाग सरळ भासतो. सपाट कागदावरचा तालुक्याचा नकाशा याच न्यायाने चालतो. मर्यादा सांगितलेली असेल तर स्थूल ज्ञानही खरे ठरते.

मग ग्राहकाच्या हेतूचे काय? शेतकऱ्याच्या नकाशात डाइक म्हणजे पाणी, खडीवाल्याच्या नकाशात कठीण दगड, पवनचक्कीवाल्याच्या नकाशात पायाची भक्कम जागा. जैन तर्कशास्त्रातला नयवाद इथे उपयोगी पडतो. वस्तूचा एक पैलू धरून केलेले विधान म्हणजे नय. सिद्धसेन दिवाकरांच्या मांडणीत असा प्रत्येक नय आपल्या क्षेत्रात बरोबर असतो आणि दुसऱ्यांना नाकारू लागला की चुकीचा ठरतो. मागणीनुसार काढलेला नकाशा एकांगी असतो, हा त्यामुळे त्याचा दोष नव्हे. कोणत्या प्रश्नासाठी काढला हे लपवणे हा दोष.

शब्दप्रमाणासाठी वक्ता आप्त असावा लागतो. वात्स्यायनांच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही ते म्हणतात. म्हणजे जात, पदवी किंवा घेतलेली फी यांवरून आप्तता ठरत नाही. तरीही फी घेणाऱ्याची कसोटी दुसऱ्या अटीवर लागते. पाणी लागणार नाही, हे लिहून देणारा अहवाल कोणाला विकत हवा असतो? नारळ हातावर ठेवून जागा दाखवणारा पाणाड्या मात्र वेगळ्या कारणाने प्रमाण ठरत नाही. त्याची श्रद्धा आड येत नाही. त्याचा आधार दुसऱ्याला तपासता येत नाही, हे आड येते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला दकार्गल हा भूजल शोधण्याचा अध्याय त्या मानाने वेगळा आहे. झाडे, वारुळे, मातीचा रंग या खुणा आणि पुरुषभर खोलीची मापे तो उघड सांगतो. त्यातले बरेच आज टिकत नाही, पण ते तपासून खोटे ठरवता येते.

शेवटचा प्रश्न नकाशातल्या माहितीच्या मालकीचा. यावल आणि रावेरच्या केळीबागा तापीच्या जाड गाळातले पाणी उपसतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यात पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या गाळाला मिळते. गटाची हद्द त्या पाण्याला ठाऊक नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्याने मात्र जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याची मोकळीक दिली. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने तिला मुरड घातली आणि 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणले. पांझरा नदीवरच्या सामाईक सिंचनाच्या फड पद्धतीत कोणत्या फडाला पाणी द्यायचे हे गाव मिळून ठरवी. जलधराचा, म्हणजे जमिनीखाली पाणी धरणाऱ्या थराचा, नकाशाही तसाच सामाईक आहे. बोअरची जागा ग्राहकाची खाजगी असू शकेल. पाणी कुठे मुरते आणि पातळी किती उतरली, ही माहिती शेजाऱ्यांपासून दडवणे अधर्म आहे. नकाशा घेणाऱ्याने पैसे चुकते करण्याआधी यातल्या कोणत्या रेषा तुटक आहेत ते विचारावे, आणि एकही तुटक रेषा नसेल तर तो कागद परत करावा.