जागा असेल त्याला



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ६९ वा श्लोक घेतलाय. इतरांना जी रात्र वाटते, तिच्यात संयमी माणूस जागा असतो, असा त्याचा भाव.

परवा एका ताईंनी विचारलं, "बारा वर्षं पहाटे उठून नाम घेतेय. अजून कसलाच अनुभव नाही. हे जागरण फुकट गेलं का हो?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. वडील गेल्यावर कित्येक महिने माझीही माळ अशीच कोरडी फिरायची. म्हणून आज दृष्टांत घेतो तो आकाशातला.

एखादा प्रचंड तारा संपतो, किंवा दोन मृत तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा स्फोट होतो. कधी क्षणभराचा, कधी काही मिनिटांचा. हे किरण आपलं वातावरण वरच अडवतं, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. पण मग ते पाहायचे तर दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. १९६७ साली ते पहिल्यांदा सापडले, तेही चोरून केलेल्या अणुचाचण्या शोधणाऱ्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांना! २०१५ साली गेलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटनेही असे शेकडो स्फोट टिपलेत. त्याच्या कामात पुण्याच्या आयुकाचा आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा हात आहे.

हा स्फोट कधी, कुठे होईल, कुणालाच सांगता येत नाही. नासाने २००४ साली सोडलेल्या स्विफ्ट दुर्बिणीची रीत म्हणून ऐकण्यासारखी आहे. आकाशाच्या मोठ्या भागावर नजर ठेवायची, आणि किरण आले की जमिनीवरच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच तिकडे वळायचं. साधारण मिनिट-दीड मिनिटात!

१९ मार्च २००८ ला स्विफ्टला असाच एक स्फोट सापडला. त्याचा प्रकाश सुमारे ७५० कोटी वर्षं प्रवास करून आला होता. म्हणजे तो निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती. आणि अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तो तेजस्वी झाला, तो जेमतेम अर्धा मिनिट. चिलीतल्या काही कॅमेऱ्यांनी तो टिपला. का? तर अर्ध्या तासापूर्वी आकाशाच्या त्याच भागात दुसरा स्फोट झाला होता, त्यासाठी ते आधीच तिकडे रोखलेले होते.

आता गीतेत गॅमा किरण सांगितलेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. दृष्टांत तो दृष्टांत. पण एक गोष्ट बघा. कॅमेरा लावून बसल्याने काही तो तारा फुटला नाही. तसंच जागरणाने देव ओढून आणता येत नाही. कृपा तिच्या वेळेने येते, कदाचित आपल्या जन्माआधीच निघालेली असते. आपल्या हातात एवढंच, की ती येईल तेव्हा आपण झोपलेले नसावं.

आणि ताई, स्थितप्रज्ञाची सगळी लक्षणं वाचून काढा. 'त्याला प्रकाश दिसतो' असं एकही लक्षण त्यात नाही. राग, भीती, हाव यांची पकड सुटते, एवढंच आहे. तेव्हा "काय दिसलं?" हे विचारूच नका. मध्यरात्री शेजारच्या आजींनी हाक मारली, तर उठायला तुम्हाला किती वेळ लागतो, ते विचारा. बारा वर्षांपूर्वीपेक्षा कमी लागत असेल, तर एकही पहाट फुकट गेलेली नाही. तुम्हाला अनुभव येईलच, असं वचन मी देऊ शकत नाही. पण हाकेसरशी वळता येणं, हेही जागेपणच आहे.

आजचा नेम: दिवसभरात कुणीही हाक मारली, तर "थांब जरा" म्हणण्याआधी एकदा तिकडे वळायचं.

राम कृष्ण हरि.