भीड आणि भाव

आपल्या धर्मग्रामात घरून लहानसा धंदा करणाऱ्या महिलांची संख्या आता थोडीथोडकी नाही. कुणी उन्हाळ्यात बॉटल मसाला करून विकते, कुणी नाताळात केक आणि कुलकुल, कुणी लोणची, तर कुणी ब्लाउज शिवते. त्यांच्याशी बोलताना दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले : "काय द्यायचे ते द्या, आपल्याच घरचे आहे." दुसरे : "आम्हांला मार्केटिंग जमत नाही. त्याला खोटे बोलावे लागते."

या दोन वाक्यांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपल्या मालाची स्तुती करणे आणि पुरता भाव मागणे हे नम्रतेला सोडून आहे काय? की न मागणे हीच एक चूक आहे?

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडला नसता. वसईच्या पट्ट्यातून पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन त्या मुंबईला जात. गिऱ्हाईक अनोळखी असे. भाव ओरडून सांगावा लागे. घ्यायचे तर घ्या, नाहीतर पुढे चला. आज त्यांच्या नातीचा बाजार म्हणजे व्हॉट्सॲपवरचा गट : नणंद, मावशी, शेजारीण, मुलाच्या वर्गातल्या इतर मुलांच्या आया. बाजार घरात आला आणि त्याच्याबरोबर भीड आली. विकणारीला भाव सांगायची भीड आणि घेणारीला नको म्हणायची भीड. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

हिशेबात नसलेली बाई

एक हिशेब उदाहरणादाखल मांडू. समजा, एका बहिणीने दहा किलो मसाला केला. मिरची, धने आणि बाकीचे जिन्नस ६,५०० रुपये, कांडप ६०० रुपये, बाटल्या आणि लेबल ५०० रुपये, गॅस आणि रिक्षा ४०० रुपये. एकूण ८,००० रुपये, म्हणजे किलोला ८०० रुपये. ती तो ९०० रुपयांनी विकते आणि म्हणते, हजार रुपये सुटले.

पण मिरच्या निवडणे, त्या उन्हात घालणे आणि काढणे, एकेक जिन्नस वेगळा भाजणे, कुटून आणणे, बाटल्यांत दाबून भरणे, यांत तिचे पाच दिवस गेले. म्हणजे दिवसाला २०० रुपये. आपल्या वाडीत मजुरीला येणाऱ्या बाईला आपण याहून अधिक देतो आणि दिलेच पाहिजे. मजुरी दिवसाला ५०० रुपये धरली तर खर्चच १०,५०० रुपये होतो. तेव्हा ९०० रुपये किलो हा स्वस्त भाव नाही, तो चुकीचा भाव आहे. त्यात एक माणूस मोजलेले नाही आणि ते माणूस ती स्वतः आहे.

नफा कमी होतो, एवढ्यापुरते हे मर्यादित नाही. आई फुकट राबते हे घरातली मुलगी रोज पाहते आणि बाईच्या कामाला किंमत नसते हा धडा न शिकवता शिकते.

दोन बाजूंचे खोटे

आपल्या प्रश्नावर फार जुना विचार झालेला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात स्वतःविषयी खरे बोलण्याच्या सद्गुणाची चर्चा केली आहे. त्याच्या मते हा सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो. एका टोकाला बढाईखोर : नाही ते आहे म्हणतो. दुसऱ्या टोकाला स्वतःला कमी दाखवणारा : आहे ते नाही म्हणतो. बढाईखोर अधिक वाईट, असे त्याने म्हटले आहे. पण खरे दोघेही बोलत नाहीत.

"काही नाही हो, वेळ जावा म्हणून करते" हे वाक्य या कसोटीवर लावून पाहावे. ती वेळ जावा म्हणून करत नाही. मुलाची फी भरायची आहे, नवऱ्याची कंपनी बंद पडली आहे, म्हणून करते. आपण त्या वाक्याला नम्रता समजतो. नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे नव्हे, जसे आहे तसे पाहणे. शुभवर्तमानाचा प्रसार सांगणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लुदियेचा उल्लेख आहे. ती मूळची थुवतीरा नगराची, फिलिप्पैत भेटते, आणि तिची ओळख जांभळी वस्त्रे विकणारी अशीच करून दिलेली आहे. तिच्या धंद्याबद्दल तिथे कुणीही संकोच केलेला नाही.

आता दुसरे टोक. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही, असे म्हणतात. मार्केटिंग शिकवणारे याच्या पूर्वार्धावर भर देतात. मग दुकानातून आणलेला माल 'घरगुती' होतो आणि गेल्या वर्षीचा मसाला 'ताजा' होतो. किती सांगावे आणि किती न सांगितले तर चालेल?

रोमन विचारवंत सिसेरो याने यावर एक उदाहरण दिले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसेरोचे उत्तर : सांगावे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचे बारकाईने भाग पाडले. पुढे भाव उतरेल हे सांगणे न्यायाने बंधनकारक नाही, सांगितले तर ते औदार्य. पण मालातला लपलेला दोष, ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगणे बंधनकारक आहे. घोडा एका डोळ्याचा असेल तर तो सर्वांना दिसतोच. तिथे दवंडी पिटायला नको, भाव तेवढा कमी करावा.

हा नियम आपल्या स्वयंपाकघरात तंतोतंत लागू पडतो. कुलकुल थोडे वेडेवाकडे झाले तर ते दिसतेच. पण चिक्कीच्या कढईतच दुसरा गोड पदार्थ केला असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते दिसत नाही. केकमध्ये रम आहे किंवा अंडे आहे हेही दिसत नाही, आणि ज्याच्या घरी ते चालत नाही त्याच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नाही. मसाला गेल्या वर्षीचा असेल तर तसे सांगावे आणि कमी भावात द्यावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणे हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत धरले आहे. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी घरच्या धंद्यालाही लागते. तीही करून घ्यावी.

सात बायका आणि ऐंशी रुपये

खरे बोलून धंदा वाढतो काय, असे कुणी विचारील. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे 'लिज्जत' झाले. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांच्या हितचिंतकाने सल्ला दिला : एकच प्रत ठेवा, ती कधी उतरू देऊ नका आणि जमाखर्च चोख लिहा. दानावर चालायचे नाही, हेही त्यांनी ठरवले. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार झाली आणि तिच्या लाटणीचे पैसे हिशेबात आले. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जाहिराती पुढे आल्या. पापड सारखाच निघेल हा भरवसा आधीचा, आणि हिशेबाची वहीही आधीची.

मग काय करावे?

आमच्या मते साध्या सहा गोष्टी पुरतील. हिशेबात आपली मजुरी लिहावी. भाव आधी, लेखी आणि सर्वांना एकच सांगावा. नातलगाला भेट द्यायची तर बाटली भेट म्हणून द्यावी. अर्धा भाव घेऊन मनात कुढत बसू नये. एखादीला परवडत नसेल तर भाव कमी करण्याऐवजी बाटली लहान करावी. मालात काय आहे आणि तो कधी केला हे लेबलवर लिहावे. आणि ओळखीच्यांना एकदा कळवून गप्प राहावे. "तू का नाही घेतलेस?" हा प्रश्न मार्केटिंग नव्हे. तो नात्याला लावलेला कर आहे. त्यापेक्षा अनोळखी गिऱ्हाईक शोधावे, आज्यांनी शोधले तसे.

पुरता भाव सांगितल्यावर काही गिऱ्हाइके जातील. हे लपवण्यात अर्थ नाही. पण तेव्हा निदान हे कळेल की ती मसाल्यासाठी येत होती की फुकटच्या मजुरीसाठी. काहींना त्यानंतर धंदा बदलावाही लागेल. तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.

उरलेला भाग घेणाऱ्यांचा, म्हणजे आपल्या सर्वांचा. मोठ्या दुकानात छापील किंमत आपण मुकाट्याने देतो आणि ओळखीच्या बहिणीकडे मात्र "आपल्यात कसला भाव?" म्हणतो. ओळख आहे म्हणूनच पूर्ण भाव द्यावा. घ्यायचे नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे, तिलाही त्याने बरे वाटेल. आणि या रविवारी कुणी आपल्याला "काय द्यायचे ते द्या" म्हणाले, तर पाकीट उघडण्याआधी तिला विचारावे : "तुझे किती दिवस गेले यात?"